‘गिअरबॉक्स उतरवावा लागतंय’: आमच्या क्वालिसच्या क्लचची गोष्ट

‘ताई, गिअरबॉक्स उतरवावा लागतंय. प्लेट संपली की ओ.’

हे वाक्य मी एप्रिलमध्ये आठ दिवसांत पाच वेळा ऐकलं. सांगणाऱ्याने त्या आठ दिवसांत एकदाही क्लच पेडलवर स्वतःचा पाय ठेवून बघितला नव्हता. राग अजून गेलेला नाही, म्हणून सगळं लिहून काढतेय.

गाडी २००३ ची डिझेल क्वालिस. बाबा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात फिटर होते, २००९ मध्ये त्यांनी ती सेकंडहँड घेतली. २०१८ ला आणि मग २०२३ ला आरटीओत जाऊन नोंदणीची मुदत वाढवून आणली. गाडीने कधी दगा दिला नाही. रबराची वॉशर वीस वर्षांत झिजणारच, त्यात गाडीचा दोष नाही.

सुरुवात सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला झाली. दुपारचे दोन, ऊन डोक्यावर, सिग्नल सुटला आणि पहिला गिअर पडेना. क्लच पार खाली गेला होता, पण वजनच लागत नव्हतं, ओल्या स्पंजवर पाय ठेवल्यासारखं. मागून हॉर्न सुरू. घाबरून दोन-तीन वेळा भराभर पेडल मारलं आणि गिअर पडला. घरी येऊन रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज आला.

बाबांना सांगितलं, प्लेट गेली की काय म्हणून. (प्लेट म्हणजे इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला पोचवणारी क्लचची चकती.) गुडघ्यांमुळे त्यांना आता खाली वाकता येत नाही, पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बरोबर होता: ‘पंप मारल्यावर गिअर पडतो ना? मग प्लेटचा काय संबंध?’ या क्लचला केबल नसते. पेडलमागे एक सिलिंडर, त्याला गॅरेजवाले अप्पर म्हणतात. गिअरबॉक्सच्या बाजूला दुसरा, तो लोअर. दोघांच्या मध्ये पाइप आणि त्यात ब्रेक ऑइल. आपण पेडल दाबतो, वरचं ऑइल खालच्याला ढकलतं. त्यात हवा शिरली किंवा ऑइल कुठून निसटलं, तर पेडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही. पंप मारून काम होतंय म्हणजे दुखणं ऑइलच्या वाटेवर आहे. झिजलेल्या प्लेटला कितीही पंप मारा, फरक पडत नाही.

त्यांनी मला अंगणात प्लेटचीही परीक्षा घ्यायला लावली. हँडब्रेक घट्ट ओढायचा, तिसरा गिअर, क्लच हळू सोडायचा. इंजिन लगेच धापकन बंद पडलं. प्लेट घसरत असती तर इंजिन तसंच घुमत राहिलं असतं. (हे एकदाच करा, पुन्हा पुन्हा केलं तर चांगली प्लेटही जळते. आणि पुढे मोकळी जागा हवी.) मग बॉनेट उघडलं. क्लचच्या डबीत, म्हणजे अप्परला ऑइल पुरवणाऱ्या छोट्या टाकीत, ऑइल खालच्या रेषेच्याही खाली होतं आणि काढ्यासारखं काळं पडलं होतं. खाली वाकून लोअरच्या रबरी टोपीला बोट लावलं तर बोट ओलं.

एवढं सगळं मी कागदावर लिहून सोमवारी गॅरेजला घेऊन गेले. मोठं गॅरेज, चांगला बोर्ड, आत सहा-सात गाड्या. फोरमनने कागद घेतला आणि न वाचता घडी घालून खिशात ठेवला. ‘साहेबांना पाठवा ना ताई, त्यांना समजावून सांगतो.’ मी म्हटलं, गाडी मी चालवते, मलाच सांगा. त्या दिवशी त्यांनी लोअरचं वॉशर किट बदललं आणि एअर, म्हणजे ऑइलमध्ये अडकलेली हवा, काढली. संध्याकाळी मी गाडी घेऊन विजापूर वेशीपर्यंत पोचले नाही तोच पेडल पुन्हा मऊ. परत नेली. तेव्हा ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, मजुरी, सगळं मिळून चौदा हजार.

मी नाही म्हटलं. अप्पर बघा म्हटलं. ‘अप्पर लीक नाही ताई, बाहेर ऑइल कुठं दिसतंय?’

हा मुद्दा नीट समजून घ्या, माझे आठ दिवस इथेच गेले. अप्परमधून ऑइल दोन तऱ्हेनं निसटतं. मागच्या वॉशरमधून गळलं तर पेडलच्या दांड्यावर आणि पायाखालच्या मॅटवर ओल दिसते. पण पुढची वॉशर झिजली तर ऑइल बाहेर येतच नाही, आतल्या आत पुन्हा डबीकडे वळतं. फरशी कोरडी, डबी भरलेली, आणि पेडल मात्र मरतं. ते ओळखायचं कसं? सपाट रस्त्यावर पहिला गिअर टाकून क्लच दाबून धरायचा, पाय हलवायचा नाही. आमची गाडी दहा-बारा सेकंद गप्प उभी राहायची आणि मग पेडल तसंच दाबलेलं असताना हळूच पुढे सरकायला लागायची. पायाखाली ते कळतं, पेडल तळाशी असूनही आतला जोर सुटत जातो. हे मी फोरमनला करून दाखवायला तयार होते. तो गाडीत बसायला तयार नव्हता.

शेवटी म्हणाला, ठीक आहे, अप्पर बदलू, पण पार्ट पुण्याहून येतो, उद्या मिळेल. मंगळवारी उद्या. बुधवारी उद्या. गुरुवारी फोन उचलला नाही, शुक्रवारी दुसऱ्याच कुणीतरी उचलला आणि म्हणाला, ‘त्या क्वालिसचा गिअरबॉक्स उतरवायचाय ना?’ शनिवारी शाळा सुटल्यावर थेट गॅरेजवर गेले. गाडी बाहेर उन्हात, बॉनेट उघडं, आणि क्लचच्या डबीचं झाकण जागेवर नाही. डबीच्या तोंडात एक मळकट कापडाचा बोळा कोंबलेला. झाकण बॅटरीवर पडलेलं, त्याच्या आतल्या रबरावर धूळ.

मला तिथे खरंच रडू आलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणून तर डबा उघडल्यावर उरलेलं ऑइल वर्षभर ठेवून वापरू नये आणि दर दोन वर्षांनी आतलं बदलावं असं सांगतात. पाणी शिरलं की सिलिंडरची आतली भिंत गंजते, आणि गंजाच्या खडबडीतपणावर नवी वॉशरही टिकत नाही. चार दिवस ती डबी अशी उघडी होती.

त्याच संध्याकाळी मी स्पेअर पार्टच्या दुकानात चौकशी केली. अप्पर पूर्ण तयार, पेटीबंद, अठराशे रुपयांना, सोलापुरातच. पंधरा मिनिटांत हातात आला. पुणे वगैरे काही नव्हतं.

मंगळवारी पहाटे साडेपाचला, रस्ता रिकामा असताना, मी गाडी पंप मारत मारत बाहेर काढली. आदल्या दिवशी हिशेब केला तेव्हा ‘चेकिंग’चे बाराशे मागितले. मी दिले, पण पावती लिहून घेतल्याशिवाय हलले नाही, आणि माझा कागदही खिशातून परत मागून घेतला.

पुढचं काम अर्ध्या दिवसाचं. बाबांच्या कारखान्यातल्या माणसाने सांगितलेले एक वयस्कर मिस्त्री, लिंबाखाली पत्र्याची शेड. त्यांनी आल्या आल्या पेडल दाबलं, धरलं आणि मान हलवली. ‘अप्पर गेलाय.’ मग लोअर खोलून माझं बोट आत फिरवायला लावलं. कडेला बारीक खड्डे नखाला लागत होते. म्हणून किटवर न भागवता लोअरही पूर्ण नवा घातला, मधला रबरी पाइपही बदलला. एअर काढताना पेडलवर मला बसवलं. दाबा, धरा, ते लोअरवरचं हवा काढायचं निप्पल उघडणार, बंद करणार, मग ‘सोडा’. निप्पलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं, त्यातून बुडबुडे येताना दिसतात. बाबा खुर्चीवर बसून फक्त डबीकडे बघत होते. ऑइल खाली गेलं की पुन्हा हवा ओढते आणि सगळं पहिल्यापासून. बुडबुडे थांबले आणि पेडल असं आलं की मी दोनदा उतरून मिस्त्रींना नमस्कार केला.

ऑइल कोणतं ते राहिलंच. डॉट ३ किंवा डॉट ४, डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ५ वेगळं, ते सिलिकॉनचं, यात मिसळायचं नाही. इंजिन ऑइल किंवा ग्रीस तर चुकूनही नको, वॉशर फुगतात.

दोन दिवसांनी तुळजापूरला निघालो. घाटात इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी चढेना. प्लेट घसरत होती! फोरमनचं वाक्य आठवून पोटात गोळा आला. मिस्त्रींना फोन केला तर ते शांत: ‘अर्धा तास थांबा, थंड झाल्यावर चालेल. पेडलला मोकळी चाल आहे का बघा, म्हणजे जोर लागण्याआधी ते थोडं रिकामं हलतं का.’ हाताने दाबून बघितलं, अजिबात नव्हती. परत आल्यावर गरम गाडीतच त्यांनी निप्पल किंचित उघडलं, आणि पेडलला कुणाचा पाय नसताना ऑइल चिळकांडीसारखं उडालं. नव्या अप्परला पेडलशी जोडणारा दांडा थोडा लांब राहिला होता, त्यामुळे आतलं परतीचं बारीक भोक बंदच राहत होतं. ऑइल तापून फुगायचं, त्याला परत जायला वाट नाही, क्लच अर्धवट दाबलेला. दांड्याची लांबी पक्की धरणारा चेकनट सैल करून दांडा थोडा आत घेतला, पेडलला दोन-तीन मिलिमीटर मोकळी चाल ठेवली. चूक त्यांची होती आणि त्यांनी ती स्वतःहून कबूल केली, पैसे घेतले नाहीत.

नवा अप्पर बसवला की ही मोकळी चाल हाताने तपासा, घाट चढायच्या आधी.

ऑइल रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर रंग सोलतो. आमच्या बॉनेटच्या कडेला रुपयाएवढा डाग पडलाय, तो त्या गॅरेजातलाच. डबीवर मी नेलपॉलिशची बारीक रेघ मारून ठेवलीय. दर रविवारी बघते. आज सकाळी ऑइल रेघेलाच होतं.