आठ कुठं जातो?

दुपारी तीनच्या सुमाराला सांगलीच्या गणपती पेठेत गिऱ्हाईक तुरळक असतं. परवा हळकुंडं घ्यायला गेलो, तर दुकानदार पेंगत होता आणि त्याचं पोरगं कॅल्क्युलेटर बडवत होतं. नऊ वेळा एक दाबून त्यानं त्या संख्येला तिनंच गुणलं. पडद्याच्या कोपऱ्यात ‘ई’ उमटला.

“बिघडलं की ओ काका!”

बिघडतंय कशाचं? बारा घरांच्या यंत्रात सतरा आकडे मावणार कसे! उत्तर आहे १२३४५६७८९८७६५४३२१. नवापर्यंत चढायचं आणि आल्या वाटेनं उतरायचं. अकराचा वर्ग १२१, एकशेअकराचा १२३२१, त्याच रांगेतलं हे शेवटचं. एकं, दहं, शतं अशा स्थानांची नावं देणाऱ्या भास्कराचार्यांच्या यादीप्रमाणे वाचलं तर एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू... प्रत्येक आकड्याला स्वतःचं घर. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी असल्या संख्यांना ‘डेम्लो’ म्हटलं, तेही चक्क एका रेल्वे स्टेशनवरून. आकड्यांच्या बेरजेनं जिला निःशेष भाग जातो ती ‘हर्षद’ संख्या, हे बारसंही त्यांचंच. आमच्या सतरा आकड्यांची बेरीज ८१, आणि ८१ नं भाग जातो. म्हणजे ही हर्षदसुद्धा!

लांबलचक संख्या दिसली की आकड्यांची बेरीज करत सुटायची माझी खोड आहे. एसटीचं तिकीट, वीजबिलाचा ग्राहक क्रमांक, काहीही चालतं. ती आजोबांकडून आली. ते हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. संध्याकाळी रोजमेळ जुळला नाही की सगळे पानं उलटायला लागायचे. आजोबा आधी फरक विचारायचे. त्रेसष्ट? “नवानं भाग जातोय. कुणीतरी आकडे फिरवलेत बघ.” आणि खरंच कुठंतरी १८ च्या जागी ८१ सापडायचे. नवाचा ताळा म्हणजे आकड्यांची बेरीज नवानं भागायची आणि उरलेली बाकी पडताळायची. गंमत म्हणजे त्या ताळ्याला ही चूक दिसतच नाही. अठराचा ताळा शून्य, एक्क्याऐंशीचाही शून्य. जो नऊ चूक पाठीशी घालतो, तोच फरकात शिरून चुगली करतो. अशा माणसांशी व्यवहार जपूनच करावा.

तर नऊ एकांच्या त्या संख्येला नवानं भागा. १२३४५६७९ येतात. आठ नाही! बरं, एक एक वाढवून दहा एकांचा वर्ग करावा, तर १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना पुन्हा आठच गायब. सगळा हातच्याचा प्रताप. मध्यभागी दहा जमतात, त्यांचा हातचा शेजारच्या नवावर बसतो, तिथंही दहा होतात, मग हातचा आठावर, आणि आठाचा होतो नऊ. एवढी देखणी रांग, पण दहाव्या एकाला कोसळते.

आणि हे सगळं कशामुळं, तर आपण दहा बोटांवर मोजायला लागलो म्हणून. बोटं बारा असती आणि मोजणी बाराची असती, तर रांग अकरा एकांपर्यंत टिकली असती. आठ सुखरूप राहिला असता; दहासाठी जे काही चिन्ह केलं असतं ते गायब झालं असतं. आजोबांना मात्र नवाऐवजी अकराचा ताळा घालावा लागला असता. त्यांनी तोही घातला असता, फक्त रोजमेळ जुळेपर्यंत अडतीवर कुणाला चहा मिळाला नसता.