ते आपलं हे

भाची पालथी पडून इंग्रजीचा गृहपाठ करत होती. पाय हवेत, पेन दातात. मान वर न करता तिनं विचारलं, "आत्या, थिंग म्हणजे?"

"वस्तू," मी म्हटलं. दुपारच्या डुलकीत माणूस याहून जास्त काय सांगणार?

जरा वेळानं पुन्हा आवाज आला. "इथे धड्यातली मुलगी भिजलेल्या मांजराला 'पुअर थिंग' म्हणते. गरीब वस्तू?"

डुलकी गेली ती गेलीच.

'पुअर थिंग' म्हणजे 'बिचारं'. बस्स. त्यात वस्तू नाही आणि गरिबीही नाही. मग एकेक आठवायला लागलं. 'थिंग्ज आर गोइंग वेल' म्हणजे 'बरं चाललंय'. 'पॅक युअर थिंग्ज' म्हणजे 'आपलं सामान भर'. 'फर्स्ट थिंग टुमॉरो' म्हणजे 'उद्या उठल्या उठल्या'. हल्ली पोरं एखाद्या नव्या खुळाबद्दल 'इज दॅट अ थिंग?' विचारतात, म्हणजे 'असतं का असलं काही?' आणि 'द थिंग इज' म्हणजे 'त्याचं काय आहे'. या सुरुवातीनंतर मी आजवर चांगली बातमी ऐकलेली नाही. पुढे हमखास कुणीतरी पैसे उसने मागतं, नाहीतर येणारा माणूस येणार नसतो.

ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २००६ साली इंग्रजी मजकुराचा प्रचंड साठा चाळून सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या नामांची यादी काढली होती. टाइम पहिला. मग पर्सन, इयर, वे, डे, आणि सहाव्या जागी थिंग. मॅन, वर्ल्ड, लाइफ ही भारदस्त मंडळी तिच्या मागे उभी. मला ही यादी फार आवडते.

आमच्या इंग्रजीच्या बाईंना मात्र हा शब्द बिलकूल चालत नसे. निबंधात थिंग दिसली की तिच्याभोवती लाल शाईचं वर्तुळ आणि समासात शेरा: नेमकं काय ते लिहा. बाईंचं बरोबर होतं, शंकाच नाही. पण नेमकं काय ते माहीत असतं तर आम्ही थिंग लिहिलंच कशाला असतं? परक्या भाषेत शिरणाऱ्याला आधी असाच एखादा शब्द लागतो, काहीही बोलायचं असलं तरी वेळ मारून नेणारा. अनेकवचन करायचं असेल तर मागे एस लावला की झालं, स्टफसारखं 'हे मोजता येत नाही' वगैरे नखरे नाहीत.

आणि नेमकेपणाचा असा आग्रह आमच्या घरात कुणी धरला असता, तर आजी-आजोबांचा संसार पहिल्याच वर्षी अडला असता. आजोबा बाहेरच्या खोलीतून हाक मारायचे, "अगं, ते हे कुठं ठेवलंस?" आतून आजी म्हणायची, "अहो, त्याच्यावरच आहे. ते हे बाजूला करा, दिसेल." आणि आजोबांना ते मिळायचं! अख्ख्या संवादात एक नाम नाही. मी उंबऱ्यात उभी राहून 'हे' म्हणजे काय असेल याचा अंदाज बांधायचे. कधी ते चष्म्याचं घर निघे, कधी विम्याचा कागद, एकदा स्क्रू ड्रायव्हर. माझा अंदाज चुकायचाच. आजीचा कधीही नाही. बरं, तिच्या बोलण्यात खुद्द आजोबासुद्धा 'हे'च होते, त्यामुळे 'ह्यांचं हे ह्यांनाच सापडत नाही' असलं वाक्य ती सहज टाकून जाई.

आजी गेल्यावर आजोबा प्रत्येक वस्तूचं पूर्ण नाव घ्यायला लागले. चष्म्याचं घर. विम्याचा कागद. आम्ही आपले एकमेकांना सांगत होतो, या वयातही स्मरणशक्ती काय तल्लख आहे!

तर थिंग. मुळात ती वस्तू नव्हतीच. जुन्या जर्मानिक भाषांमध्ये थिंग म्हणजे सभा. गावची, टोळीची माणसं उघड्यावर जमून तंटे सोडवत, ती बैठक. आइसलँडमध्ये इ. स. ९३० पासून थिंगवेट्लिर नावाच्या मैदानावर दर उन्हाळ्यात अशी देशाची थिंग भरायची. तिथे एक अधिकारी कायदे तोंडपाठ म्हणून दाखवायचा, दरवर्षी एक तृतीयांश, म्हणजे तीन वर्षांत सगळे. (पाढे पाठ नसणाऱ्या मला या माणसाबद्दल अपार आदर आहे.) त्यांच्या संसदेचं नाव आजही आल्थिंग आहे. डेन्मार्कची फोल्केटिंग, नॉर्वेची स्टोर्टिंग, म्हणजे अक्षरशः मोठी थिंग. सभेत ज्यावरून भांडण होई त्या प्रकरणालाच लोक थिंग म्हणू लागले, मग कुठल्याही बाबीला, आणि शेवटी टेबलखुर्चीलासुद्धा. रोमन लोकांच्या कज्जाचंही तेच झालं. लॅटिन काउसाची इटालियन कोसा झाली. 'कोसा नोस्त्रा' म्हणजे 'आपली थिंग'. माफियावाल्यांनी स्वतःला घेतलेलं नाव इतकं 'ते आपलं हे' छापाचं असावं, याचं मला नेहमी हसू येतं.

आता आपली 'गोष्ट' घ्या. संस्कृतात गोष्ठ म्हणजे गाई बांधायची जागा. तिथे माणसं जमणार, ती झाली गोष्ठी. जमल्यावर बोलणार, तीही गोष्ठी. जुन्या मराठीत गोठी, आणि आता गोष्ट. म्हणजे गोठा आणि गोष्ट ही सख्खी भावंडं, आणि थिंग लांबची चुलत बहीण म्हणावी इतकी तिची कुंडली जुळते. फक्त आपली गोष्ट सभेतून निघून बोलण्यात रमली. आपण तिला राजाराणीच्या कामाला लावलं. इंग्रजीत 'टेल मी अ थिंग' म्हणून कुणाला कहाणी सांगायला बसवता येत नाही. उलट, समोरच्या एकट्या टेबलाला गोष्ट म्हणायला आपली जीभ रेटत नाही.

माझा एक लाडका सिद्धांत आहे. आपल्याला थिंग फारशी लागत नाही, कारण आपल्याकडे नपुंसकलिंग आहे. 'एक सांगू?' यात नाम कुठे आहे? 'चांगलं झालं', 'सगळं संपलं', 'मनातलं बोल'. एक अनुस्वार, आणि काम झालं. हिंदीनं नपुंसकलिंग सोडलं, तर तिला 'एक बात कहूँ' म्हणताना बात आणावी लागली. इंग्रजीनं सगळीच लिंगं सोडून दिली, मग तिला समथिंग, नथिंग, एव्हरीथिंग अशी थिंगांची फौज पाळावी लागली. त्या फौजेची शिस्तही वेगळीच. विशेषण मागून चालतं, 'समथिंग न्यू'. आपण 'काहीतरी नवीन' म्हणतोच, त्यामुळे आपल्याला हा नियम फुकटात येतो.

जर्मन मात्र इथे आडवी येते. तिचं नपुंसकलिंग शाबूत आहे, 'जे चांगलं ते' हे तिला आपल्यासारखंच नामाशिवाय म्हणता येतं, आणि तरीही तिच्याकडे थिंगची सख्खी बहीण डिंग आहेच. शिवाय त्याच कामाला आणखी एक शब्द ठेवलाय तो वेगळाच. पण मला जर्मन जेमतेम येते, त्यामुळे तिची साक्ष मी फारशी मनावर घेत नाही.