‘ते जरा...’
आज जपानमध्ये, ओसाकात एका सप्लायरकडे मीटिंग होती. माल 2 आठवडे आधी मिळेल का, असं मी सगळ्यांसमोर विचारलं. समोरच्या साहेबांनी दातांतून हळूच श्वास आत ओढला, मान तिरकी केली आणि म्हणाले, "सोरे वा चोत्तो..." म्हणजे ‘ते जरा...’. वाक्य तिथेच सोडलं. मग म्हणाले, "केंतो शिमासु", विचार करतो. मी वहीत लिहून घेतलं: विचार करणार आहेत.

लिफ्टपाशी आमचे सेनपाई, म्हणजे ऑफिसातले सीनियर, हळूच म्हणाले, "नकार होता तो."

फार वाईट वाटलं. नकाराचं नाही, त्या माणसाला चारचौघांत पेचात टाकल्याचं. आपल्याकडे ‘पत्रिका जुळत नाही’ म्हटल्यावर मुलीकडचे कुठे पुन्हा विचारतात? मग हे मला कळायला हवं होतं.

इथे मीटिंगआधीच एकेकाला भेटून ‘नेमावाशी’ करतात, म्हणजे आधीच बोलून सहमती तयार करतात. शब्द मूळचा माळ्यांचा: झाड दुसरीकडे लावण्याआधी मुळांभोवती खणून त्याला तयार करायचं. किती जपून केलेलं काम!

उद्या सेनपाईंसोबत आधी सप्लायरच्या प्रॉडक्शनच्या माणसाला भेटायला जातोय. तारखेचा विषय मी काढणार नाही.