तुम्ही विचारलंत म्हणून: चित्र न काढता चित्रांवर लिहिणं

“तुम्हाला स्वतःला चित्र काढता येत नाही, मग दुसऱ्याच्या चित्राला बरं-वाईट कसं म्हणता?” प्रदर्शनाच्या उद्घाटनाला हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणारे बहुतेकदा चित्रकारच असतात.

खरंय, मला येत नाही. पण हात चालला म्हणजे नजर तयार होतेच असं नाही. १८७४ साली फ्रेंच चित्रकार मोनेच्या बंदरावरच्या सूर्योदयाच्या चित्राची टिंगल करणारा समीक्षक लुई लरवा स्वतः चित्रं काढायचा, खोदचित्रं करायचा. त्याने त्या चित्राला भिंतीवर चिकटवायच्या कागदाहूनही अपुरं ठरवलं. त्यातला नारिंगी सूर्य आणि भोवतालचं करडं आकाश यांचा उजेड जवळजवळ सारखा आहे. कृष्णधवल छायाचित्रात सूर्य दिसेनासाच होतो. निव्वळ रंगाच्या बळावर तो तिथे तळपतोय! हे दिसायला ब्रश धरता यावा लागत नाही, वेळ द्यावा लागतो.

अठराव्या शतकातला फ्रेंच लेखक दिदरो मला म्हणूनच जवळचा. तोही चित्रकार नव्हता. १७५९पासून तो पॅरिसच्या सलाँ प्रदर्शनांवर लिहू लागला, ते एका हस्तलिखित वार्तापत्रासाठी. वर्गणीदार परदेशी राजदरबारांतले. त्यांना ती चित्रं कधी दिसणार? जे काही दिसायचं ते दिदरोच्या शब्दांतून. म्हणून तो शार्दँसारख्या चित्रकारांबरोबर फिरला, विचारत राहिला, शिकला.

मी शिकले ती चूक करून. सुरुवातीला एका चित्राबद्दल ‘सपाट काळा’ असं लिहून मोकळी झाले. अख्खं दालन पंधरा मिनिटांत उरकलं होतं. चित्रकाराने लेख वाचून मला परत बोलावलं. रागावले नाहीत. “समोरून नको, खिडकीकडून बघा,” एवढंच म्हणाले. तिरप्या उजेडात त्या काळ्याखालून निळा वर आला, मग कडेला विटकरी, आणि ओला रंग कापडाने पुसल्याच्या खुणा. थरावर थर देत महिनाभर तो काळा त्यांनी आणला होता. माझ्या तोंडून शब्द फुटेना. संपादकांकडे पुढच्या अंकात जागा मागून मी ते सगळं नव्याने लिहिलं.

समीक्षेच्या मानधनावर घर चालत नाही. माझं भाषांतरांवर चाललं. दालनात मात्र पहिला अर्धा तास वही पिशवीतच असते. आधी समोरून, मग दोन्ही बाजूंनी. आणि ‘सपाट’ हा शब्द लिहायची वेळ आली, तर मी अजूनही एकदा परत जाऊन बघून येते.