नांदायला गेलेल्या लेकींना पण सांगा

आमच्या खानापूरकडं घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर निघाला की भावकीला लगेच कळतं, चुलते चुलतभाऊ सगळे येऊन बसतात, पण नांदायला गेलेल्या लेकींना नीट कुणी सांगत नाही, आणि मला हेच सगळ्यात जास्त खटकतं. लिंच सिंड्रोम, म्हणजे एका बिघडलेल्या जीनमुळं घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या येणारा आतड्याच्या नि इतर काही कॅन्सरचा धोका, आडनाव बघत नाही हो. आईबापापैकी एकाकडं तो बिघडलेला जीन असला तर प्रत्येक लेकराला, मुलगा असो की मुलगी, तो यायचा चान्स ५० टक्के.

बाबांना आतड्याचा कॅन्सर पंचेचाळिशीच्या आतच झाला, आजोबा पण 'पोटाच्या दुखण्यानं' गेलेले. बाबांच्या गाठीच्या तुकड्यावर जादा तपासणी झाली, मग रक्ताची जेनेटिक टेस्ट, त्यात एमएलएच१ नावाचा जीन बिघडलेला निघाला. माझ्यातही तोच.

एमएलएच१ किंवा तसाच दुसरा जीन, एमएसएच२, बिघडलेला असला तर साधारण २० ते २५ वयापासून दर १-२ वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी, करायची, त्रास काही नसला तरी. इतरांमध्ये पॉलिपचा (आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढणारा छोटा कोंब) कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा १० वर्षं तरी जातात, लिंचमध्ये १ ते ३ वर्षांतही होतो, म्हणून दहा वर्षांनी एकदा बघून भागत नाही. पॉलिप दिसला की तिथल्या तिथं काढतात, म्हणजे त्याचा कॅन्सर व्हायच्या आधीच त्या पॉलिपचा विषय संपला! बायकांना गर्भाशयाच्या कॅन्सरचाही धोका असतो, त्यामुळं पाळी सोडून मधेच अंगावर गेलं तर लगेच दाखवा. आणि संडासवाटे रक्त गेलं की मूळव्याध म्हणून औषध घेत बसू नका, प्लीज.

तपासणीला लोक घाबरतात पण भूल देतात, खरा त्रास आदल्या दिवशीचा. भाकरी, पालेभाजी, बियांचं काही नको, मऊ पांढरा भात चालतो, नंतर फक्त पाणी, शहाळं, गाळलेलं लिंबू सरबत. कोकम सरबत नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. पोट साफ करायच्या पावडरचं पाणी अर्धं रात्री अर्धं सकाळी, आणि ते पूर्ण प्यायचं, कारण आतडं साफ नसलं तर चपटा पॉलिप लपून राहतो.

चंदगडच्या आत्याला फोन केला तर म्हणे मला काय बी होत नाही गं. मी म्हटलं आत्या तुझं राहू दे, पोरांचं बघ, थोरला पंचविशीच्या पुढं गेलाय. तिला बाबांचा जेनेटिक रिपोर्ट व्हॉट्सॅपवर पाठवला, कारण त्यात जीनचं नाव आणि नेमका बदल लिहिलेला असतो, लॅबला मग तेवढंच शोधायचं असतं. आधी आत्याची टेस्ट, तिच्यात नाही निघाला तर तिच्याकडून पोरांना यायचा प्रश्नच नाही, निघाला तर मात्र तिच्या दोन्ही पोरांचीही करायची.