तोरुनला तटाच्या आत मुक्काम : माझा अनुभव

पोलंडमधल्या तोरुनला हॉटेल शोधायला बसलं की पहिला निर्णय एकच घ्यावा लागतो. जुन्या शहरात, म्हणजे तटाच्या आत राहायचं की बाहेर? बाहेरच्या नव्या भागात मोठी खोली, लिफ्ट, पार्किंग सगळं मिळतं, तेही कमी पैशात. आतल्या भागात खोल्या लहान आणि जिने उभे, शिवाय गाडी दारापर्यंत येईलच असं नाही. माझ्याबरोबर सत्तरी ओलांडलेली आई होती, तिचे गुडघे दुखतात. तरीही आम्ही आतच राहिलो, आणि परत जायची वेळ आली तर मी आतच राहीन. ते कसं जमवलं ते सविस्तर लिहिते, म्हणजे घरातल्या मोठ्यांना घेऊन जाणाऱ्यांना उपयोग होईल.

पोलंडच का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. आम्ही कोल्हापूरचे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियातून इराणमार्गे बाहेर पडलेल्या पोलिश बायका-मुलांना आमच्या वळिवड्याच्या छावणीत आसरा मिळाला होता. 1943 ते 1948 या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली. पुढे त्याच जागी फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी गांधीनगर वसवलं. लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापूरकर जातो ते हेच गांधीनगर. आजोबा आईला त्या पोलिश मुलांबद्दल सांगायचे. तेव्हापासून तिच्या मनात होतं की त्या लोकांचा देश एकदा बघायचा.

क्राकूवला सगळेच जातात. आम्ही तोरुन निवडलं, कारण युद्धात वॉर्सा बेचिराख झालं पण तोरुनची जुनी वस्ती बरीचशी शाबूत राहिली. ट्यूटॉनिक नाइट्स या जर्मन लढवय्या धर्मसंघाने 1233 साली या गावाला सनद दिली. 1264 मध्ये शेजारीच दुसरं, ‘नवं’ शहर वसलं. दोन्ही शहरांचा चौक वेगळा, कारभारही वेगळा. 1454 मध्ये नागरिकांनी धर्मसंघाविरुद्ध बंड करून त्यांचा किल्ला पाडला आणि त्याच वर्षी दोन्ही शहरं एक झाली. किल्ल्याचे अवशेष अजून दोन्हींच्या मधोमध उभे आहेत, चालता चालता आपण एका शहरातून दुसऱ्यात कधी गेलो ते त्यावरून कळतं. 1997 पासून हे सगळं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

आता हॉटेल. जुन्या शहरातली बरीच हॉटेलं व्यापाऱ्यांच्या जुन्या घरांत किंवा धान्याच्या कोठारांत आहेत. विस्तुला नदीतून ग्दान्स्क बंदरापर्यंत धान्य जायचं, हान्सा या उत्तर युरोपातल्या शहरांच्या व्यापारी संघात तोरुनचं नाव मोठं होतं, त्या वैभवातली ही कोठारं. अशा इमारतीत काहीही बदल करायचा तर वारसा-संरक्षण अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्यामुळे ‘चार तारे’ असले तरी लिफ्ट असेलच असं धरून चालू नये. लिफ्ट असली तरी ती तुमच्या खोलीच्या मजल्यापर्यंत जाते का आणि तिच्यापर्यंत पोचायला किती पायऱ्या आहेत, हे वेगळं विचारावं लागतं. बुकिंगच्या साइटवर नुसती खूण असते, खरं काय ते हॉटेलच सांगू शकतं.

मी पसंत पडलेल्या हॉटेलांना इंग्रजीत साधी ईमेल पाठवली. लिफ्ट आहे का, नसेल तर खालच्यात खालची खोली कोणत्या मजल्यावर मिळेल, न्हाणीघरात टब आहे की उभं राहायचा शॉवर (टबची कड ओलांडणं आईला जमत नाही), खोली रस्त्याकडे आहे की मागच्या अंगणाकडे, आणि दोन वेगळे पलंग मिळतील का. जवळपास सगळ्यांची उत्तरं आली. आम्ही जे हॉटेल घेतलं त्यांनी लिहिलं होतं की लिफ्ट नाही, पण पहिल्या मजल्यावर अंगणाकडची खोली देऊ, जिन्याला बावीस पायऱ्या आहेत, मध्ये एक वळण आहे आणि एका बाजूने कठडा आहे. इतकं नेमकं उत्तर आल्यावर मी दुसरीकडे बघितलंच नाही. आईलाही आधीच कळलं की दिवसातून दोनदाच चढ-उतार करायचा, दुपारी खोलीवर यायचं नाही. सगळ्या प्रवासाचं वेळापत्रक त्या बावीस पायऱ्यांवर बेतलं.

व्हिसासाठी हॉटेलचं बुकिंग लागतंच. मुख्य मुक्काम पोलंडमध्ये असल्यामुळे शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज पोलंडकडे केला. मुंबईत पोलंडचा वाणिज्य दूतावास आहे, पण कागद व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात द्यायचे असतात. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा लागतो आणि प्रौढांची व्हिसा फी 90 युरो आहे. बुकिंगच्या बाबतीत दोन गोष्टी सांभाळा. एक, व्हिसा हातात येईपर्यंत फुकट रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या, थोडं महाग पडलं तरी. दुसरी, बुकिंगच्या कागदावर प्रवास करणाऱ्या प्रत्येकाचं नाव पासपोर्टवर आहे तसं असू द्या. साइटवर बहुतेक वेळा बुकिंग करणाऱ्याचंच नाव येतं. मी हॉटेलला लिहून दोघींची नावं, तारखा आणि पत्ता असलेलं पत्र मागवलं. दुसऱ्या दिवशी पत्र आलं.

वॉर्साहून तोरुनला रेल्वेने सुमारे तीन तास लागतात. तोरुनचं मुख्य स्टेशन नदीच्या पलीकडच्या, डाव्या काठावर आहे आणि जुनं शहर उजव्या काठावर. मुख्य स्टेशनवर उतरून लोकलने पूल ओलांडला की ‘तोरुन म्यास्तो’ हे छोटं स्टेशन येतं, ते जुन्या शहराच्या अगदी जवळ. आम्ही सामान आणि गुडघे दोन्ही लक्षात घेऊन टॅक्सी केली. ड्रायव्हरला हॉटेलचा पत्ता दाखवला तर त्याने नकाशावर बोट ठेवून सांगितलं की गाडी इथपर्यंतच जाईल, पुढे पायी. पुढचं अंतर फार नाही, पण रस्ता दगडी गोट्यांचा आहे. बारीक चाकांच्या बॅगा त्यावर चालत नाहीत, उचलाव्याच लागतात. रिसेप्शनला फोन केला तर एक मुलगा येऊन दोन्ही बॅगा घेऊन गेला.

खोली दुपारी तीनला मिळणार होती, आम्ही लवकर पोचलो होतो. बॅगा ठेवून घेतल्या. रिसेप्शनवर पासपोर्ट बघितला, एक छोटा कागद भरून सही घेतली आणि पासपोर्ट लगेच परत दिला. त्यानंतर कार्ड मागितलं. अनामत म्हणून काही रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात, ती खात्यातून जात नाही पण वापरताही येत नाही, आणि सुटायला काही दिवस लागू शकतात. म्हणून यासाठी फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून घेतलेलं) देऊ नका, त्यातले मोजके पैसे अडकून पडतात. क्रेडिट कार्ड द्या. पैसे भरताना मशीन विचारतं, रुपयांत की झ्लॉटीत, म्हणजे पोलंडच्या चलनात? कायम झ्लॉटी निवडा, रुपयांचा भाव महाग लावलेला असतो. पोलंड युरोपियन युनियनमध्ये असलं तरी तिथे युरो चालत नाही, हेही ध्यानात असू द्या.

खोली लहान होती पण तिच्या एका भिंतीनेच माझे पैसे वसूल झाले. गिलावा काढून जुन्या विटा उघड्या ठेवल्या होत्या. या भागात बांधकामाचा दगड नाही, त्यामुळे चर्च, तट, नगरभवन सगळं लाल विटांचं. या विटा आपल्या विटांपेक्षा बऱ्याच मोठ्या आणि जड. पलंगाशेजारच्या एका विटेवर लांबीच्या दिशेने उथळ समांतर चर होते. रिसेप्शनवरच्या बाईंनी सांगितलं की साच्यात माती भरल्यावर वर आलेला चिखल कामगार बोटांनी ओढून काढायचे, त्याच या खुणा, अशा विटांना इथे वेगळं नावच आहे. आईने चष्मा लावला, आपली चार बोटं त्या चरांवर ठेवली. बरोबर बसली. “अगं, हा माझ्याएवढ्याच हाताचा माणूस होता,” ती म्हणाली. कितीतरी वेळ ती तिथेच उभी होती. तटाच्या बाहेरच्या हॉटेलात हे मिळालं नसतं, म्हणून मी आत राहा म्हणते.

खोलीत पाण्याची किटली होती. आपल्या दोन गोल पिनांचे चार्जर तिथे चालतात, तीन पिनांचे नाही. एसी नव्हता, जूनमध्ये लागलाही नाही. अंगणाकडची खोली मागितल्याचा फायदा पहिल्याच रात्री कळला. रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ मानतात, तरी शहरात 1945 पासून मोठं विद्यापीठ आहे, चौकातल्या रेस्टॉरंटांत उशिरापर्यंत माणसं असतात. रस्त्याकडच्या खोल्यांत ते ऐकू येतं.

खाण्याचं सांगते, कारण आई शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. नाश्ता खोलीच्या भाड्यातच होता. कोल्ड कट्सचं, म्हणजे मांसाच्या थंड कापांचं, टेबल सोडलं तरी आईला पुष्कळ मिळालं: राय या धान्याची, पोळीसारखी नव्हे तर जाड कापांची पावरोटी, लोणी, मध, मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या काकड्या, आणि त्वारूग. त्वारूग म्हणजे दूध नासवून केलेलं, आपल्या पनीरसारखं पण आंबटसर आणि भुसभुशीत. त्यात मुळ्याचे बारीक काप आणि हिरवी पात घातलेली असते. आईने त्यावर घरून नेलेली लसणीची चटणी भुरभुरवली आणि रोज तेच खाल्लं. चटण्या, मेतकूट नेता येतं, पण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये बाहेरून नेता येत नाहीत, तेव्हा तूप-पेढे घरीच ठेवा. जेवायला ‘प्येरोगी रुस्क्ये’ मागवायचे. बटाटा, त्वारूग आणि कांदा भरलेल्या उकडलेल्या करंज्याच त्या. मात्र वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालायची पद्धत आहे, म्हणून मागवतानाच ‘बेझ म्येन्सा’, मांसाशिवाय, असं सांगावं. सूप शाकाहारी दिसलं तरी मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं, विचारूनच घ्या. स्वस्तात जेवायचं तर ‘बार म्लेच्नी’ बघा. दारूचा बार नव्हे, साधी खानावळ. ताट स्वतः उचलून आणायचं.

आमच्या मुक्कामात एका गुरुवारी कॉर्पस क्रिस्ती हा कॅथलिक ख्रिश्चनांचा सण आला. पोलंडमध्ये त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते आणि मोठी दुकानं बंद. बहुतेक रविवारीही मोठी दुकानं कायद्याने बंदच असतात. रिसेप्शनवरच्या बाईंनी आदल्या संध्याकाळी आठवण करून दिली म्हणून फळं, दही, पाणी आणून ठेवलं. खरं तर नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, पण आईची खात्री पटेना. सकाळी चर्चच्या घंटा घुमू लागल्या आणि रस्त्यातून मिरवणूक निघाली, पांढऱ्या कपड्यातल्या लहान मुली पुढे फुलांच्या पाकळ्या उधळत होत्या. आई कठड्याला धरून स्वतःहून खाली उतरली. त्या दिवशीची तिसरी चढ-उतार तिने आनंदाने केली.

पाहण्यासारखं सगळं पायी होतं. नदीकडच्या तटात अजून तीन जुने दरवाजे आहेत, त्यातल्या एकातून बाहेर पडलं की विस्तुलेचा काठ. खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकसचा जन्म 1473 मध्ये इथलाच, चौकात त्याचा पुतळा आहे. सेंट जॉन कॅथेड्रलच्या मनोऱ्यात 1500 साली ओतलेली ‘तुबा देई’ ही सात टनांहून जड घंटा आहे. मनोरा मी एकटीने चढले, आई खाली बाकावर. तिला जास्त आवडला तो कललेला बुरूज. वाळूच्या जमिनीवर बांधल्यामुळे तो एका अंगाला झुकला. पाठ आणि टाचा भिंतीला टेकवून, हात पुढे करून उभं राहायचं, तोल गेला नाही तर माणूस निष्पाप, असा तिथला समज. आई गुडघ्यांमुळे पुढे झुकलीच, पण मला मात्र तीनदा उभं केलं. आणि प्येर्निकी, मध-मसाल्याच्या भाकऱ्यांसारख्या कडक बिस्किटांचा वास तर गल्लीगल्लीत. लवंग, दालचिनी, वेलची, मिरी. मध्ययुगात हा मसाला आपल्या किनाऱ्यावरून हात बदलत बदलत इतक्या लांब पोचायचा. घेताना घटकांच्या यादीत ‘याया’ हा शब्द आहे का बघा, म्हणजे अंडी.

निघायच्या दिवशी खोली अकराला सोडायची होती, आमची गाडी संध्याकाळची. बॅगा परत रिसेप्शनच्या मागच्या खोलीत ठेवल्या, बिल तपासलं, अनामत सोडल्याची पावती मागून घेतली. ती जपून ठेवा, पैसे परत दिसायला उशीर झाला तर बँकेला दाखवता येते. आईने बाईंना मोबाइलवर कोल्हापूरच्या महावीर उद्यानातल्या पोलिश स्मारकाचा फोटो दाखवला आणि मला सगळं इंग्रजीत सांगायला लावलं. बाईंना भारतातल्या पोलिश छावण्यांबद्दल थोडं माहीत होतं, वळिवडे हे नाव मात्र त्यांनी कागदावर लिहून घेतलं. मग आईने पुढच्या वेळी कोणती खोली हवी तेही सांगून टाकलं: पहिला मजला, अंगणाकडची, विटेची भिंत असलेली.