उरलेला हिरवा

घरी येणारा प्रत्येक जण माझ्या काचेच्या कपाटापुढे थांबतो आणि विचारतो, "इंग्लिश गाड्या सगळ्या हिरव्या, इटालियन लाल, फ्रेंच निळ्या. रंग तुम्हीच देता ना? मग जरा वेगळे द्या की!"

शर्यतीच्या गाड्यांच्या या प्रतिकृती हाताएवढ्या, रंग मीच देतो. पण कुठला द्यायचा हे १९०० सालीच ठरू लागलं होतं. त्या वर्षी गॉर्डन बेनेट चषकाची, देशादेशांमधली मोटारशर्यत सुरू झाली आणि धुरळ्यात लांबूनही देश ओळखू यावा म्हणून रंग वाटले गेले. फ्रान्सला निळा, जर्मनीला पांढरा, बेल्जियमला पिवळा, आणि लाल चक्क अमेरिकेला. इटलीकडे तो नंतर गेला. इंग्रज पंगतीला उशिरा आले, तोवर त्यांच्या झेंड्यातले तिन्ही रंग संपले होते! १९०२ साली नेपियर या इंग्लिश गाडीने चषक जिंकला, म्हणून पुढची शर्यत भरवायची पाळी त्यांची. इंग्लंडच्या रस्त्यांवर शर्यतींना बंदी, म्हणून १९०३ साली ती आयर्लंडमध्ये भरवली. आयर्लंडचा रंग हिरवा, म्हणून यजमानांचा मान राखायला नेपियर हिरव्या रंगवल्या, असं सांगतात.

आज ज्याला खानदानी इंग्लिश आवड म्हणतात, ती ही अशी. बरं, त्या हिरव्याची एकच ठरलेली छटाही नाही. बेंटलीसाठी मी हिरव्यात काळ्याचे थेंब टाकत जातो, पत्र्याच्या तुकड्यावर लावून वाळू देतो, पुन्हा एक थेंब. बीआरएम या दुसऱ्या इंग्लिश संघाची १९५०ची गाडी मात्र फिकट हिरवी. दोन्ही शेजारी ठेवल्या की बघणाऱ्याला वाटतं, माझा रंग संपला असावा.

जर्मन गाड्या पांढऱ्याच्या चंदेरी कशा झाल्या, ती कथा सगळ्यांना पाठ असते: १९३४ साली मर्सिडीज शर्यतीच्या नियमातल्या ७५० किलो वजनाच्या मर्यादेपेक्षा एक किलो जास्त भरली, म्हणून रातोरात पांढरा रंग खरवडला. गोष्ट झकास आहे, पण अभ्यासकांना पटत नाही, मलाही नाही. १९३२ सालीच बर्लिनच्या आव्हुस शर्यतीत बिनरंगाच्या ॲल्युमिनियमची मर्सिडीज धावली होती.

आणि हो, खालच्या कप्प्यात एक निळी-पांढरी फेरारी आहे. १९६४ साली कंपनीचे मालक एन्झो फेरारी इटलीच्या मोटार संघटनेवर रुसले आणि त्या मोसमाच्या शेवटच्या दोन शर्यतींत गाड्या अमेरिकेच्या तोवर बदललेल्या, निळ्या-पांढऱ्या रंगांत उतरवल्या. त्यांचा चालक जॉन सर्टीस त्याच रंगात जगज्जेता झाला.

तिच्याकडे बोट दाखवून पाहुणे हळूच विचारतात, "ही चुकली का हो?"